पोटाला हात नाही

टॉवेलच्या कारखान्यात नवी बाई कामाला लागली की जुन्या बायका तिला पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगत. एक, मशीनची सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे हाताला लागेपर्यंत जागेवरून उठायचं नाही. आणि दुसरी, हातमावशीला गंडवायच्या फंदात पडायचं नाही.

हातमावशी म्हणजे फाटकावरची झडतीवाली. फाटकाला चिकटून दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी खोली होती, तिला दाराऐवजी जाड पडदा. संध्याकाळी काम सुटलं की सव्वाशे बायका रांगेनं एकेक करून त्या पडद्याआड जायच्या, हात वर करायच्या, आणि मावशीचे रुंद पंजे मानेपासून घोट्यापर्यंत उतरून यायचे. चार श्वासांचं काम. तेवीस वर्षं ती हेच करत होती. दोन साहेब रिटायर झाले, एक मेला, फाटक तीनदा रंगवून झालं, मावशी तिथंच.

त्या हातांना काय कळत नव्हतं! कोण वाळत चाललीय, कुणाच्या बरगडीवर नवऱ्याचा राग उमटलाय, कुणी गळ्यातलं मोडून खाल्लंय, हे घरच्यांच्या आधी तिला कळायचं. पण ते पडद्याबाहेर जात नसे. ती म्हणायची, "हातांना तोंड फुटलं ना, तर फाटकावर रोज तमाशा होईल."

कापडाचं तर विचारूच नका. कोरा टॉवेल खळीनं ताठ असतो, बोटाखाली पुठ्ठ्यासारखा वाजतो. घरी दोन-चारदा धुतला, वाळवला, की मग तो मऊ पडतो. दंडाला, मांडीला, केसांच्या अंबाड्यात, कुठंही कोरं कापड असलं तरी मावशीची बोटं बरोबर तिथं थांबायची. मग ती एवढंच म्हणायची, "काय विसरलीस का गं?"

हा तिचा रिवाज. कोपऱ्यात एक लाकडी पेटी होती. 'विसरले बाई' म्हणायचं, वस्तू पेटीत टाकायची, घरी जायचं. नाव नाही, गाव नाही. पेटी आठवड्यानं गोदामात रिकामी व्हायची. तीनदा विसरली तर मात्र मावशी नाव सांगायची, आणि तिला सांगून सांगायची. त्यामुळे तिचा धाक होता, पण तिच्या नावानं बोटं मोडणाऱ्या बायका कमी होत्या.

आणखी एक नेम होता. पोटुशी बाईच्या पोटाला हात लावायचा नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिनं एका बाईचं पोट चाचपलं होतं, तर आतून लाथ बसली. विस्तवावर हात पडल्यागत मावशीनं तो मागं घेतला आणि मनाशी म्हणाली, आत आहे त्याची झडती घेणारी मी कोण? तेव्हापासून पोट दिसू लागलं की ती खांदे बघायची, पाय बघायची आणि म्हणायची, "जा, जपून जा."

घोळ झाला तो नव्या साहेबांमुळे. त्यांनी येताच गोदाम मोजायला लावलं आणि मावशीला बोलावणं पाठवलं. ते घड्याळाकडं बघत बोलायचे.

"महिन्याला पंधरा-पंधरा डझन माल कमी भरतोय. तुमच्या हातांखालून."

"माझ्या हातांखालून एक रुमाल जात नाही, साहेब."

"मग काय पंख फुटतात टॉवेलांना? आठ दिवस देतो. चोर दाखवा. नाहीतर फाटकावर यंत्र बसवतो. यंत्राला पगार नाही आणि पेट्याबिट्या ठेवायची सवयही नाही."

मावशी घरी आली ती तोंड पाडूनच. तिचा म्हातारा गुडघे धरून खाटेवर बसलेला असायचा. पूर्वी मालगाडीवर हमाल होता, आता दिवसभर रस्ता बघायचा आणि रस्त्यावर टीका करायचा.

"आज काही घबाड सापडलेलं दिसत नाही," तो म्हणाला. "घे, माझी तरी झडती घे. दोन गुडघे चोरीचे आहेत, माझे असते तर एवढे दुखले नसते."

ती हसली नाही. यंत्र आलं तर घरात दोघं रस्ता बघत बसणार, हे तिला लख्ख दिसत होतं. भांडी घासता घासता ती मनात सगळ्या अंगांची उजळणी करत राहिली. मान, काखा, कंबर, मांड्या, पोटऱ्या. सगळीकडे हात जातो. हात कुठं जात नाही? आणि हातातली परात तशीच राहिली. चार बायका पोटुशी होत्या.

माल मागच्या बाजूनं, ट्रकातनं जात असेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. तेवीस वर्षं जी एकाच दाराशी उभी राहिली तिला चोरीला दुसरं दार असतं हे सुचणार कसं? चोरी म्हणजे अंगावरनं जाणारी वस्तू, एवढंच तिचं जग.

तीन दिवस तिनं मनाशी झगडण्यात घालवले. चौथ्या दिवशी नेम मोडला.

पहिलीचं पोट घट्ट, खरं. दुसरीचंही खरं. तिसरी शिलाईवरची, तिला सगळ्या 'रेडिओ' म्हणत, कारण ती बंद कशी करायची हे नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. मावशीचा हात पोटावर पडताच ती ओरडली, "अगं बाई! मावशी, टॉवेल नाही यात, चादर आहे, नऊ महिन्यांची घडी! उलगडली की रडते!"

रांगेत हशा पिकला. मावशीचे कान तापले. पण आता मागं फिरायचं नव्हतं.

चौथी घडीच्या टेबलावरची. बावीस-तेवीसची, कामाला चोख, बोलायला जवळजवळ मुकी. नवरा लांब कुठं धरणाच्या कामावर होता, घरी ती आणि सासू. सहावा महिना. ती पडद्याआड आली, हात वर केले, आणि मावशीनं सरळ पोटावर पंजा ठेवला.

पंजा आत गेला. पोट असा हात आत घेत नाही. घड्या होत्या, एकावर एक, नीट दाबून गुंडाळलेल्या.

तेवीस वर्षं ज्या तोंडातून "काय विसरलीस का गं" निघालं, त्याच तोंडातून त्या दिवशी निघालं, "सापडलं! साहेब, सापडलं!"

साहेबांचे बूट फरशीवर वाजू लागले. पोरीनं दोन्ही हातांनी पोट आवळलं आणि भिंतीला टेकली.

"सोड," मावशी म्हणाली. "सोड म्हणते ना." आणि तिनं एप्रनखाली हात घालून ते ओढून काढलं.

तीन टॉवेल. कारखान्याची निळी पट्टी असलेले. मावशीनं ते हातात घेतले आणि तिचा हातच तिला बोलला. टॉवेल मऊ होते. खळीचा कण नाही त्यांत. दहा वेळा धुतलेले, वाळवलेले, अंगाच्या घामानं पिवळट पडलेले. आज टेबलावरून उचललेला माल नव्हता तो. तो रोज सकाळी आत येत होता आणि रोज संध्याकाळी बाहेर जात होता. पंजा पोटावर पडला तेव्हाही बोटांना मऊच लागलं होतं, पण डोक्याला चोर हवा होता, त्यानं बोटांचं ऐकलं नाही.

"हे काय गं?" मावशीनं विचारलं.

पोरगी ओठ न हलवता बोलल्यासारखी बोलली. "गेलं ते, मावशी. महिना होत आला. आई नणंदेकडं गेल्या होत्या चार दिवस. एकटीच होते घरात. जे करायचं ते एकटीनं केलं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"आई परत आल्या त्या इवले इवले मोजे विणूनच. लग्नाला चार वर्षं झाली, त्या पहिल्यांदा माझ्याशी गोड बोलतायत. रोज म्हणते उद्या सांगीन." पडद्याबाहेर बूट थांबले तशी तिनं मावशीचं मनगट धरलं. "चोर म्हणा. पाया पडते. चोरीच म्हणा, पण कुठं होते ते सांगू नका."

"आत काय चाललंय?" बाहेरून साहेब म्हणाले.

"थांबा, बाईमाणूस आहे!" मावशी खेकसली. तेवढी सवड तिला मिळाली. खुंटीवर तिचा लोकरी स्वेटर होता. तो तिनं काढला, त्याची घडी केली आणि पोरीच्या पोटाशी धरून एप्रनचे बंद वरून आवळले. त्या हातांनी आजवर लपवलेलं बाहेर काढलं होतं, आत बांधायची वेळ पहिल्यांदाच आली. गाठ मारताना पोरीच्या अंगाचा चटका बसला. पण तेव्हा त्याचा विचार करायला जागा नव्हती.

तिनं पडदा सारला. "तीन टॉवेल," ती म्हणाली. "डब्याच्या पिशवीत होते."

ते पोरीसाठी म्हटलं हे खरं. पण बोलताना तिला स्वतःचा आठवा दिवसही दिसत होता, हेही तेवढंच खरं. ते तिनं पुढं कधी नाकारलं नाही.

साहेबांनी टॉवेल दोन बोटांत धरले. त्यांना निळी पट्टी दिसली. कापड कोरं की वापरलेलं हे कळायला हात लागतात, त्यांच्याकडं पेन होतं. कागदावर मावशीची सही झाली, पोरीचा अंगठा झाला, आणि पोरगी सगळ्या रांगेसमोरून फाटकाबाहेर गेली. रेडिओसुद्धा गप्प होता. मागून कुणीतरी म्हणालं, "पोटात पोर घेऊन चोरी. शोभतं का?"

"शाबास," साहेब मावशीला म्हणाले आणि घड्याळाकडं बघत निघून गेले.

घरी म्हाताऱ्यानं विचारलं, "स्वेटर कुठंय?"

"विसरले."

"तू? मग पेटीत असेल."

तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं, त्याचा चटका बोटांना बसला, आणि ती तशीच उभी राहिली. पडद्याआडचा चटका असाच होता. ताप. महिना होत आला, डॉक्टर नाही, औषध नाही, आणि अंग तव्यासारखं. तिची थोरली जाऊ अशीच गेली होती. पोर मेलेलं निघालं, बाई दहा दिवस हिंडतफिरत होती, अकराव्या दिवशी दुपारी भिंतीला टेकून बसली ती बसलीच.

"काय झालं?" म्हातारा म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"माझ्या हातानं एक वाईट काम झालंय. अजून एक होऊ घातलंय." तिनं चपला घातल्या. हजेरीवाल्याकडून घराचा पत्ता घेतला तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकते लागत होते.

दार सासूनं उघडलं. काटक बाई, कंबरेवर हात. आत पोरगी भिंतीकडं तोंड करून पडली होती, पोटाशी मावशीचाच स्वेटर.

"तुम्हीच ना ती फाटकावरची?" सासू म्हणाली. "या की. आमच्या घराचीही झडती घ्या. दोन चमचे आहेत, तेही मोजून जा."

"बोला, बोलायचा हक्क आहे तुमचा," मावशी म्हणाली. "पण आधी हिच्या कपाळाला हात लावा."

"तिला धक्का बसलाय म्हणून कणकण आहे. गरोदर बाईला चोर ठरवून हाकललंत..."

"हात लावा, बाई."

सासूनं हात लावला आणि झटकन मागं घेतला. मावशी पोरीजवळ जमिनीवर बसली. "ऐक. सांगायचं तूच. मी सांगणार नाही. पण तू सांगेपर्यंत मी इथून हलणार नाही, आणि तू फार वेळ लावलास तर सांगायला तूच उरणार नाहीस."

मग पोरीनं तोंड भिंतीकडंच ठेवून स्वेटर ओढून काढला आणि मागं सरकवला. सासूनं तो उचलला, उलटापालटा करून पाहिला, पोरीच्या सपाट पोटाकडं पाहिलं आणि खाली बसली.

"कधी?"

"तुम्ही नव्हतात तेव्हा."

"आणि महिनाभर मला दूध तापवायला लावलंस? माझ्या हातून मोजे विणून घेतलेस?" सासूनं कपाळावर हात मारून घेतला. "अशी कशी गं तू दगड! मी काय खाल्लं असतं तुला?"

"हो," पोरगी म्हणाली. एवढंच.

सासू उठली, खुंटीवरची शाल काढली आणि पोरीच्या काखेत हात घातला. "ऊठ. उठवत नाही? मावशी, बसून काय राहिलात, धरा तिकडनं!"

दवाखान्यात पोरगी अकरा दिवस होती. पहिले तीन दिवस डॉक्टर सासूशी बोलताना खाली बघायचे. चौथ्या दिवशी ताप उतरला, सहाव्या दिवशी तिनं स्वतः पाणी मागितलं. मावशी रोज काम सुटल्यावर जायची. सासू तिला बसायला स्टूल द्यायची, पण बोलायची नाही. ज्या दिवशी पोरीला घरी न्यायचं ठरलं त्या दिवशी मात्र ती व्हरांड्यात आली.

"पोराचं जे झालं ते आमच्या घरात राहील," ती म्हणाली. "माझ्या लेकाला मी सांगेन, बाकी कुणाला कळायचं कारण नाही. पण चोर हा शब्द तुम्ही आमच्या दारात आणून टाकलाय. शेजारीण कालच म्हणाली, सून चोरीत सापडली म्हणे. तो शब्द तुम्हीच परत न्यायचा."

"तीन टॉवेल तिनं घेतले होते, बाई."

"घेतले होते. ते मी धुऊन दिले असते तुमच्या तोंडावर. पण तुमच्या साहेबाचा माल तिनं नेला का?"

"नाही."

"मग?"

दुसऱ्या दिवशी मावशी साहेबांपुढं उभी राहिली. "त्या घडीवाल्या पोरीचं नाव काढा, साहेब. तुमचा चोर ती नव्हे. सही करताना मी खोटं बोलले."

"खोटं म्हणजे? टॉवेल नव्हते?"

"होते. जुने होते, धुतलेले. पिशवीत नव्हते."

"मग कुठं होते? कशाला होते? लिहून द्या, फाईलला लावतो."

मावशीनं टेबलावरच्या कोऱ्या कागदाकडं पाहिलं. त्यावर खरं लिहायचं तर पोरीनं जिवापाड लपवलेलं लिहावं लागणार, आणि फाईल चार हातांतून जाते. न लिहावं तर चोर हा शब्द शाईत तसाच राहणार.

"ते लिहिता येत नाही," ती म्हणाली.

"मग मलाही काही करता येत नाही. आणि माल अजून कमी भरतोय. खोटी सही करणारी बाई फाटकावर ठेवता येत नाही मला. आजची संध्याकाळ तेवढी करा."

तिनं मान हलवली. वाद घातला नाही. खोटी सही तिनं केलीच होती.

संध्याकाळी काम सुटलं, रांग लागली. पहिली बाई पडद्याआड आली, हात वर केले. मावशीचे पंजे मानेपासून निघाले आणि घोट्यापर्यंत गेले, रोजच्यासारखेच. उठताना ती तिच्या कानाशी म्हणाली, "घडीवरची पोरगी चोर नव्हती. मी चुकले. जा."

दुसरी आली. "घडीवरची पोरगी चोर नव्हती. मी चुकले. जा."

कुणी "बरं" म्हणालं, कुणी "आता काय उपयोग" म्हणालं, एकीनं तर विचारलं, "तुम्हाला काय मिळालं हे सांगायला?" मावशीनं प्रत्येकीला उत्तर दिलं नाही. वाक्य मात्र प्रत्येकीला दिलं, एका शब्दाचाही फरक न करता. चाळीस बायकांनंतर घसा कोरडा पडला, ऐंशीनंतर कंबर धरली. बाहेर पहारेकरी ओरडला, "मावशी, आज काय मंत्र देताय काय? उरका!" तिनं उरकलं नाही.

रेडिओ आली, आता पोट सावरत चालणारी. तिनं ऐकलं आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून विचारलं, "मग टॉवेल कशाला नेले तिनं?"

"ते विचारू नकोस. आणि तू हे सांग. तुझ्याइतकं कुणी सांगू शकत नाही."

"सगळ्या गल्लीत सांगते," रेडिओ म्हणाली, आणि जाताना थांबली. "साहेब काढतील तुम्हाला."

"काढलंय. जा, जपून जा."

शेवटी राहिली ती त्याच सकाळी कामाला लागलेली एक पोरगी. झडती कशी असते हे तिला ठाऊक नव्हतं, ती पिशवी छातीशी धरून उभी होती. मावशीनं तिला हात वर करायला शिकवलं, खांद्यावरून, पाठीवरून हात फिरवले आणि कानाशी वाकून वाक्य सांगितलं.

"कोण, मावशी?" पोरगी गोंधळली. "मी नाही ओळखत तिला."

"तिच्या टेबलावर आता तू आहेस," मावशी म्हणाली. "तुला कुणी ना कुणी तिची गोष्ट सांगणारच. तेव्हा माझंही ऐकलेलं असू दे."